जुना बेस: फॉरवर्ड काय म्हणतो आणि नेक काढल्यावर काय दिसतं

सांगली-मिरजेच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा: मंडळाच्या खोलीत पडलेला जुना बेस (म्हणजे बेस गिटार) भंगारात देऊ नका, लाखोंचा असतो. सिरियल नंबरावरून साल कळतं. रंग उडालेला, गंजलेला म्हणजे अस्सल. जपानचा निघाला तर नक्कल, सोडून द्या. विकण्याआधी पॉलिश करून नवे भाग टाका. आणि जुन्या लाकडाच्या आवाजाला नवा बेस गाठू शकत नाही.

भंगारात देऊ नका, एवढं पटलं. बाकीचं बघू.

सिरियल नंबराचं आधी, कारण सगळे तिथेच फसतात. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचा नंबर बरीच वर्षं मागच्या बाजूला, नेक (गिटारची लांब मान) बॉडीला जोडते तिथल्या पत्र्याच्या पट्टीवर असायचा. १९७६ पासून तो हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या टोकाला तारांच्या खुंट्या असतात तिथे गेला. या पट्ट्या आधीच नंबर ठोकून ठेवलेल्या असत आणि कामगार हाताला येईल ती लावायचा, त्यामुळे नंबरांचा क्रम आणि सालांचा क्रम जुळतोच असं नाही. शिवाय एका बेसची पट्टी दुसऱ्याला लावायला पाच मिनिटं पुरतात. गिबसन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने तर साठच्या दशकात तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले. (कोलकात्याची गिवसन ही गिटार कंपनी वेगळी बरं का. एका अक्षराच्या फरकावर लोक लाखाची स्वप्नं बघतात.)

खरं साल आत असतं. तारा सैल करा, मागचे चार स्क्रू काढा (सत्तरच्या दशकातल्या फेंडरच्या जॅझ बेस मॉडेलला तीनही असतात) आणि नेक उचला. जुन्या फेंडरच्या नेकच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उठवलेली तारीख बहुतेक वेळा सापडते. मग व्हॉल्यूमचं पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) उलटं करून बघा. त्याच्या पाठीवर १३७६६१२ असं काही असेल, तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि १२ म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. पण हे पॉटचं वय झालं, बेसचं नव्हे. १९६५ मध्ये फेंडर सीबीएस या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली, पुढच्या वर्षी पॉटची इतकी मोठी खरेदी झाली की तो माल नंतर काही वर्षं पुरला. तेव्हा पॉट सांगतं ते एवढंच, की बेस याच्या आधीचा नाही. तेही सोल्डर मूळचं असेल तर.

पेचकस नसेल तर निदान आकार बघा. फेंडरचा प्रिसिजन बेस आला १९५१ मध्ये. दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा चुंबकी भाग) त्याला मिळाला १९५७ मध्ये. म्हणजे तसा पिकअप दाखवून कुणी ‘१९५५ चा आहे’ म्हणाला तर चहा पिऊन उठावं. जॅझ बेस १९६० चा, सुरुवातीच्या दोनेक वर्षांत एकावर एक बसवलेल्या नॉबचा.

गंज म्हणजे जुनेपण, हे निदान सांगलीत तरी कुणी बोलू नये. २०१९ च्या पुरात गावभागात बुडालेल्या साध्या चिनी बेसचे स्क्रू महिन्याभरात पन्नास वर्षांचे दिसायला लागले होते. रंगाचंही तेच. कराडहून एक सनबर्स्ट (मध्ये फिका, कडेला गडद रंगाचा) बेस बघायला आला होता, हाताच्या जागी रंग झकास झिजलेला. पिकगार्ड (तारांखालची प्लास्टिकची पट्टी) काढला, तर झिजेचा पट्टा तसाच खाली गेलेला. पिकगार्डखाली कुणाचा हात पोचतो? सँडपेपरचं काम. खऱ्या जुन्या बेसचा रंग तिथे ताजा असतो आणि कडेने रेघ दिसते. जाळीदार बारीक तडे नायट्रोसेल्युलोज लॅकरला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पातळ रंगलेपाला जातात. साठचं दशक संपता संपता फेंडरने बॉडीसाठी जाड पॉलिएस्टर घेतलं, म्हणून १९७५ च्या म्हणवणाऱ्या बॉडीवर तशी जाळी दिसली तर शंका घ्यावी.

जपानी माल सोडून द्या, हा सल्ला तर नुकसानीचाच. १९८२ मध्ये सुरू झालेल्या, जेव्ही अक्षरांनी नंबर सुरू होणाऱ्या स्क्वायर (फेंडरचाच ब्रँड) जपानच्या फुजिजेनच्या कारखान्यात बनल्या आणि आज लोक त्या शोधत फिरतात. ‘लॉसूट’ (म्हणजे कोर्टातल्या दाव्याची) म्हणून कोणतीही जपानी कॉपी चढ्या भावाने खपवतात ते मात्र वेगळं. १९७७ चा तो दावा गिबसनच्या मालकांनी आयबॅनेझ या जपानी गिटार विकणाऱ्या कंपनीवर केला होता, हेडस्टॉकच्या आकारावरून, आणि तो कोर्टाबाहेर मिटला.

पॉलिशवाल्यांना हात जोडून सांगतो, थांबा. मूळ रंग खरवडून नवा दिला की जुन्या फेंडरची किंमत ढोबळमानाने निम्म्यावर येते. वाजवायला म्हणून पॉट किंवा पिकअप बदलावाच लागला, तर काढलेला भाग पिशवीत घालून केसमध्ये ठेवा.

राहिला आवाज. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर वाजवायचा. तेव्हा तो बेस नवाच होता. त्यावर कधी न बदललेल्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) तारा, ब्रिजच्या (तारा अडकवायच्या पट्टीच्या) कव्हरखाली फोम आणि उजव्या हाताचं जवळजवळ एकच बोट. त्या आवाजात लाकडाच्या वयाचा हिशोब कुठे लावणार? सत्तरच्या दशकातले कित्येक बेस जड निघतात, नेकचा जोडही ढिला असतो. म्हणून घेताना ॲम्प्लिफायरला न जोडता खुली ई तार वाजवा, बॉडीत थरथर येते का बघा, नेक एका डोळ्याने बुडापासून टोकापर्यंत बघा, पीळ पडलाय का ते कळेल. आणि विकणारा लाखाच्या गोष्टी करतोय पण नेक काढू देत नाही, तर त्याला पाच हजार सांगा. दिला तर घेऊन या, सरावाला चालेल.