"औषधच नाही तर डॉक्टर शिकतात कशाला" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय की मायटोकॉन्ड्रियाच्या (म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) आजारावर जगात औषध नाही, मग डॉक्टर त्याचं रिसर्च ट्रेनिंग घेतात ते फक्त पेशंटवर प्रयोग करायला, म्हणून कुठल्याच फॉर्मवर सही करू नका, त्यापेक्षा पोराला रोज १६ तास उपाशी ठेवा, पेशी रिचार्ज होतात, याला नोबेल मिळालंय. आणि वरून, हा आजार आईकडूनच येतो. हे माझ्या आक्काला आलं. यावल तालुक्यात असते, तिच्या पोराला हाच आजार आहे. रात्री फोन करून विचारते, "पोऱ्याले उपाशी ठेवू का भाऊ?" तेव्हापासून डोकं फिरलंय.

आधी उपासाचंच बोलू, कारण यात पोराचा जीव जाऊ शकतो. उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं, आणि चरबी जळते कुठं, तर मायटोकॉन्ड्रियातच. म्हणजे जी जागा आधीच बिघडलीय तिच्यावरच सगळा भार टाकायचा. अशा पोराला साधा ताप आला, दोन वेळचं जेवण चुकलं तरी रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढून ते कोसळू शकतं, म्हणून ऑपरेशनच्या आधीसुद्धा या पेशंटना फार वेळ उपाशी ठेवत नाहीत. नोबेल मिळालं हे खरंय, २०१६ ला, जपानच्या योशिनोरी ओसुमींना, पेशी स्वतःचाच कचरा कसा साफ करतात या शोधासाठी, पण त्यांचं मुख्य काम यीस्टच्या पेशींवरचं होतं. आजारी लेकराला जेवू घालू नका असं त्यात कुठंही नाही.

आमच्या भाच्याच्या दप्तरात एक लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. उपाशी ठेवू नका, उलट्या होत असतील तर कुठली सलाईन लावायची, झटके आले तर व्हॅल्प्रोएट देऊ नका, असं ठळक अक्षरात. व्हॅल्प्रोएट हे झटक्यांचं नेहमीचं औषध, कुठल्याही मेडिकलवर मिळणारं. पण पीओएलजी नावाच्या जीनमध्ये दोष असेल तर त्यानं लिव्हर निकामी होऊन माणूस जाऊ शकतो, आणि आता त्या औषधाच्या माहितीपत्रकातच तशी ठळक वॉर्निंग असते. हे कुणाला कळलं कसं? कुणीतरी डॉक्टर बसला, एकेक पेशंटची नोंद नीट ठेवली, जीन तपासले, दुसऱ्या सेंटरच्या नोंदींशी ताडून पाहिलं. रिसर्च ट्रेनिंग म्हणतात ते हेच. हा आजार साधारण ५००० माणसांत एकाला, त्यातही शेकडो प्रकार, एका डॉक्टरच्या ओपीडीत असे पेशंट जमणार तरी किती? म्हणून अमेरिकेत बऱ्याच सेंटरनी मिळून एनएएमडीसी नावाचा गट केलाय, तिथं पेशंटची एकत्र नोंदवही आहे आणि तरुण डॉक्टरांना याच कामासाठी फेलोशिप पण देतात.

आता "औषधच नाही". बहुतेक प्रकारांवर मुळापासून बरं करणारं औषध नाही, हे मान्य करावं लागतं. पण का नाही आणि ते कसं शोधतात हे बघा. एलामिप्रेटाइड नावाचं एक इंजेक्शन. सुरुवातीच्या ३६ जणांच्या अभ्यासात पेशंट जास्त अंतर चालायला लागले, सगळ्यांना आशा वाटली. मग २१८ जणांवर मोठी ट्रायल झाली, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं दिसायला तसंच इंजेक्शन, कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरलाही माहीत नाही, २४ आठवडे. ६ मिनिटांत किती चालतो ते मोजलं, थकवा मोजला. दोन्ही गटांत फरक नाही! २०२३ ला हे छापून आलं, लपवलं नाही. नीट शिकलेले डॉक्टर नसते तर पहिल्या ३६ वरूनच ते इंजेक्शन लाखो रुपयांना आपल्या गळ्यात मारलं असतं. आणि तेच औषध पुढं बार्थ सिंड्रोम या वेगळ्या प्रकारासाठी २०२५ ला अमेरिकेत मंजूर झालं, म्हणजे कुणाला द्यायचं न् कुणाला नाही हे शोधणं हाच तर सगळा खेळ आहे.

आईकडूनच येतो, हे अर्धवट. मायटोकॉन्ड्रियाचे स्वतःचे ३७ जीन आईकडून येतात, खरंय. पण बाकीचे शेकडो जीन दोघांकडून येतात, लहान पोरांमध्ये तर बऱ्याचदा तिथलाच दोष निघतो. आणि आईकडून आला तरी तिनं काय गुन्हा केला? सासरी हा फॉरवर्ड वाचून दाखवणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.

राहिलं प्रयोगाचं. आपल्या शेजारी इंदूरला ट्रायलमध्ये गैरप्रकार झाल्याचे आरोप झाले, तिथल्याच संस्थेनं सुप्रीम कोर्टात केस केली, त्यामुळे लोकांची भीती हवेतली नाही. पण त्याच्यानंतरच नियम कडक झाले, २०१९ चे नवीन नियम आले, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. आक्का, तुझ्यापुढं फॉर्म ठेवला तर विचार, यात औषध देणार का नुसती नोंद ठेवणार, सीटीआरआयचा (म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा) रजिस्ट्रेशन नंबर काय, याला परवानगी देणारी एथिक्स कमिटी कुठली, मधूनच नको म्हटलं तर पोराचे नेहमीचे उपचार चालू राहतील ना. मराठीत नीट सांगितलं नाही तर सही करू नकोस. सांगितलं तर घरी आण, दाजींना वाचायला दे, मग ठरव. आणि पोराला रात्री झोपायच्या आधी खाऊ घालत जा.