उपाध्यक्ष उभे राहिले

चौथा शनिवार हा आमच्या कट्ट्याचा ठरलेला वार. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी मिळायला लागली आणि साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या या कट्ट्याला कायमची गिऱ्हाइकं मिळाली. शैला सरकारी बँकेत स्केल टू, म्हणजे ऑफिसरची दुसरी पायरी. राजा खासगी बँकेत. बापू हेड कॅशियर म्हणून रिटायर झालेले, युनियनचे जुने खोड. मीही बँकेतलाच. एकटा बाळ्या शाळामास्तर, आणि दर वेळी काडी तोच टाकतो.

"भाचा फॉर्म भरतोय," बाळ्या म्हणाला. "क्लार्कची जाहिरात शोधली तर सापडेना. आता म्हणे कस्टमर सर्व्हिस असोसिएट. ही प्रमोशनची पोस्ट आहे की काय?"

"प्रमोशन नाही रे, बारसं," शैला म्हणाली. "युनियन आणि बँकांच्या बाराव्या पगार-करारात शिपायाचा ऑफिस असिस्टंट झाला, क्लार्कचा असोसिएट झाला. सुरुवातीचं बेसिक २४,०५०. ज्याला पगार देववत नाही त्याला नाव देतात."

राजाने लगेच मान हलवली. "नावाला महत्त्व आहे शैला. समोरच्या पार्टीला वाटलं पाहिजे की आपण निर्णय घेणाऱ्या माणसाशी बोलतोय." असं म्हणत त्याने खिशातून कार्ड काढून बाळ्याच्या हातात ठेवलं. जाड, पांढरंशुभ्र, वर उठावदार अक्षरं: व्हाइस प्रेसिडेंट. हे कार्ड आम्हाला प्रत्येकाला निदान तीनदा मिळालेलं आहे.

"उपाध्यक्ष!" बाळ्या ओरडला.

"तुझ्या मजल्यावर उपाध्यक्ष किती?" शैलाने विचारलं.

राजा मनातल्या मनात मोजायला लागला. बोटं दहाच्या पुढे गेली तशी त्याने मूठ मिटली. "अरे, जगभर हेच आहे. इन्व्हेस्टमेंट बँकांत अॅनालिस्ट, मग असोसिएट, मग व्हीपी, मग डायरेक्टर, मग मॅनेजिंग डायरेक्टर म्हणजे एमडी. तिथे तर एमडीसुद्धा एकाहून जास्त असतात. दोन-तीन वर्षं अॅनालिस्ट, तीनेक वर्षं असोसिएट, की झाला व्हीपी. तिशीच्या आत! तुमच्याकडे तिशीत माणूस काय असतो?"

"जिल्ह्याबाहेर," शैला म्हणाली.

बापू हसता हसता खोकायला लागले. पण हे वाक्य तिने हसण्यासाठी टाकलं नव्हतं. गेल्या वर्षी ती स्केल थ्रीची लेखी परीक्षा पास झाली आणि इंटरव्ह्यूला गेलीच नाही. मुलगा दहावीला, सासूबाई अंथरुणाला. प्रमोशन मिळालं असतं तर ऑर्डर कुठली आली असती ते बँकेत कुणालाच सांगता आलं नसतं. सरकारी बँकेत प्रमोशनचं पेढ्याचं पाकीट आणि बदलीची ऑर्डर एकाच हातात येतात.

"आणि वाढ किती होणार होती ते बघ." शैलाने विटेचा तुकडा उचलला आणि कट्ट्याच्या फरशीवर आकडे मांडले. "स्केल टूच्या शेवटाला इन्क्रिमेंट २,६८०. स्केल थ्रीची सुरुवात माझ्या स्केलच्या पोटातच आहे, ८५,९२०. म्हणजे माझ्यासारखीला वर ढकललं की एखादं, फार तर दोन इन्क्रिमेंट जास्त. दोन धर. ५,३६० रुपये आणि त्यावरचे भत्ते. त्या पैशांत दोन चुली चालवून दाखव मला."

"पण मॅनेजरची सीनियर मॅनेजर झाली असतीस," राजा म्हणाला.

"स्टेट बँकेत स्केल टूला डेप्युटी मॅनेजर म्हणतात आणि स्केल थ्रीला मॅनेजर. आमच्याकडे स्केल टू मॅनेजर, स्केल थ्री सीनियर मॅनेजर. स्केल तीच, बेसिकचा तक्ता तोच. मग मी मोठी का तो मोठा? राजा, कार्डावर काय छापलंय ते वाचू नकोस, स्लिपवर काय छापलंय ते वाच."

मला शैलाचं म्हणणं पटतं. नोकरीला लागल्यापासून मी हेच बघत आलोय. १ एप्रिल २०२० ला विलीनीकरणात दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यात आमचीही गेली. सकाळी बोर्ड बदलला, संध्याकाळपर्यंत माझ्या पदाचं नाव बदललं, आणि पुढे सिनिऑरिटी लिस्ट आली तेव्हा माझ्यामागून लागलेले लोक माझ्या वर होते. नाव आधीपेक्षा भारदस्त मिळालं होतं. त्याचं मी काय करायचं होतं?

"आमच्या वेळी तर प्रमोशन हा शब्द फक्त सर्क्युलरमध्ये असायचा," बापूंनी सूत्रं हातात घेतली. "मी ८३ साली लागलो. वीस वर्षं त्याच पिंजऱ्यात नोटा मोजल्या. नव्वदीनंतर भरती आटली, २०००-०१ ला स्वेच्छानिवृत्ती, म्हणजे व्हीआरएस आली, माणसं गेली. मग २०१० नंतर आमची सगळी फळीच्या फळी रिटायर व्हायला लागली आणि मधली पिढी होतीच कुठे? तेव्हा लागलेली पोरं सात-आठ वर्षांत स्केल थ्री झाली."

"म्हणजे ती हुशार," बाळ्या म्हणाला.

"हुशार होतीच. पण खुर्च्याही रिकाम्या होत्या. प्रमोशन माणसाच्या गुणावर थोडं आणि त्याच्या जन्मसालावर बरंच असतं."

हे मी वहीत लिहून ठेवलं. बापू युनियनच्या गेट मीटिंगमध्ये कसे बोलत असतील त्याचा अंदाज आला.

"तरी बँकवाल्यांना काय कमी आहे?" बाळ्याने दुसरी काडी टाकली. "२०२४ च्या मार्चमध्ये १७ टक्के वाढ घेतलीत."

तिथे शैला पेटली. "८ मार्च २०२४ ला सही झाली, लागू १ नोव्हेंबर २०२२ पासून. वर्षभराहून जास्त उशीर. नवीन ऑफिसरचं बेसिक ४८,४८०. आणि केंद्र सरकारच्या क्लास वनचं? ५६,१००, तेही २०१६ पासून. जानेवारी २०२४ ला त्यावर ५० टक्के महागाई भत्ता, म्हणजे ८४,१५०. कर गणित, मास्तर आहेस ना?"

"आणि १९७९ साली," बापू म्हणाले, "बँक ऑफिसरांच्या पगारासाठी नेमलेल्या पिल्लई कमिटीच्या स्केल लागल्या तेव्हा बँकेचा ऑफिसर ७०० वर लागायचा आणि कलेक्टर होणारा पोरगाही ७०० वरच."

"थांबा, खरी मेख पुढे आहे." शैलाने पाण्याच्या बाटलीतले चार थेंब टाकून फरशी पुसली आणि नव्याने लिहिलं: ४८,४८० गुणिले साडेसव्वीस टक्के. "स्पेशल अलाउन्स. १२,८४७ रुपये. दहाव्या करारात ७.७५ टक्क्यांपासून सुरू झाला, अकराव्यात १६.४, बाराव्यात २६.५. दिसायला पगार. पण पेन्शनला धरत नाहीत, ग्रॅच्युइटीला धरत नाहीत, एनपीएसला, म्हणजे नव्या पेन्शन योजनेलाही धरत नाहीत. २०१० च्या एप्रिलनंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाहीच, एनपीएस. त्यात बँक १४ टक्के भरते. हे १२,८४७ बेसिकमध्ये असते तर दर महिन्याला १,७९९ रुपये जास्त भरावे लागले असते. एका माणसामागे. तीस वर्षं."

कुणी बोललं नाही. विटेची लाल भुकटी तिच्या बोटांना लागली होती आणि ती त्या आकड्याकडे बघत होती. काउंटरवर रोज दुसऱ्याचं व्याज पै-पैपर्यंत काढून देणाऱ्या बाईला स्वतःचा हिशेब असा उघड्यावर मांडावा लागतो, हे मला फार लागलं.

राजाला मात्र शांतता सोसत नाही. "म्हणून म्हणतो, खासगीत या. सीटीसी बघा, बँक एका माणसावर वर्षाला करते तो एकूण खर्च."

"सीटीसीत ग्रॅच्युइटी धरतात, पीएफचा बँकेचा वाटा धरतात, टार्गेट झालं तर मिळणारा बोनसही धरतात. माझा सीटीसी काढायचा तर त्यात सासूबाईंचे आशीर्वाद पण धरते."

"पण वर बघ ना!" राजा हट्टाला पेटला, आणि इथे त्याचा मुद्दा खरा होता हे मान्य करायला हवं. "२०२२-२३ साली स्टेट बँकेच्या अध्यक्षांचा पगार ३७ लाख. एचडीएफसी बँकेच्या प्रमुखांचा साडेदहा कोटी. देशातली सगळ्यात मोठी बँक कुणाची?"

"बरोबर," शैला म्हणाली. "वरच्याला तुमच्याकडे जास्त, खालच्याला आमच्याकडे. तू वर आहेस का?"

राजा गप्प. बाळ्याला हीच संधी हवी होती. "वर नाही तो. वर असता तर माझ्या गळ्यात पॉलिसी कशाला मारली असती?"

झालं. ही पॉलिसी म्हणजे कट्ट्याचं जुनं गळू. काही वर्षांपूर्वी बाळ्या दोन लाखांची एफडी करायला राजाकडे गेला आणि युलिप, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी घेऊन आला. पाच वर्षं पैसे अडकले. मार्च महिना होता, टार्गेट पुरं करायचा.

"मी तुला सगळं समजावून सांगितलं होतं."

"तू मला कॉफी पाजली होतीस. फॉर्मवर पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्यास. म्हणालास, इथे, इथे आणि इथे. मला वाटलं व्हाइस प्रेसिडेंट स्वतः एफडी करून देतोय!"

"तेव्हा तो डेप्युटी व्हाइस प्रेसिडेंट होता," शैला म्हणाली. "तुझ्या पॉलिसीवर चढून व्हीपी झाला."

बापूंनी मध्ये पडून सांगितलं की पीओच्या, म्हणजे बँक ऑफिसर भरतीच्या परीक्षेला शैलाच्या नोट्स राजाने नेल्या होत्या आणि त्या अजून परत आलेल्या नाहीत. राजा म्हणाला, त्या नोट्स वाचूनच आपण नापास झालो. शैलाने विटेचा तुकडा उगारला.

तेवढ्यात राजाचा फोन वाजला. स्क्रीन बघितली आणि तो कट्ट्यावरून ताडकन उठून उभा राहिला, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर आम्ही उठायचो तसा. "यस सर. हो सर. नाही सर, बाहेर नाही, घरीच आहे सर. सोमवारी तीन पॉलिसी लॉगिन होतील सर. चार? चार करतो सर." मोकळा हात आपोआप शर्टाचं वरचं बटण लावत होता.

"उपाध्यक्ष उभे राहिले," शैला हळूच म्हणाली.

बाळ्या कट्ट्यावर आडवा झाला. बापूंनी तोंडात रुमाल कोंबला. राजाने फोनवर हात ठेवून आम्हाला गप्प बसायची खूण केली, त्याने तर आम्ही पुरते सुटलो. शेवटी फोन ठेवून तोही हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "घरीच आहे म्हणालो आणि मागून टपरीवाला ओरडला, सहा कटिंग!"

बाळ्याच्या मोबाइलवर भाच्याचा मेसेज आला. मामा, पदाचं नाव नवीन आहे, चालेल का?

"पदाचं सोड," बापू रुमाल घडी करत म्हणाले. "राज्य कुठलं भरलंय ते विचार. क्लार्कची भरती राज्यातल्या राज्यात असते. महाराष्ट्रच लिही म्हणावं त्याला."

शैलाने चहाचा ग्लास उचलला. "आणि सांग, असोसिएट असला तरी आईच्या हातचं जेवेल."