वॉरंटी संपली की लॅपटॉप बंद पाडणारी चिप: त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंपन्या मदरबोर्डवर (लॅपटॉपच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) टायमर बसवतात, तो बटणाएवढ्या बॅटरीवर चालतो, वॉरंटी संपली की महिन्या-दोन महिन्यांत मशीन बंद पडतं, कंपन्या यात पकडल्याही गेल्या आहेत, मदरबोर्ड दुरुस्त होत नाही, आणि वॉरंटीबाहेर असल्यामुळे तक्रारही चालत नाही. यामागचा राग खरा आहे. पन्नास-साठ हजारांचं मशीन तेराव्या महिन्यात डेड झालं तर कुणालाही संशय येणारच. पण यावर विश्वास ठेवून लोक दुरुस्त होण्यासारखे लॅपटॉप भंगारात घालतात आणि करता येण्यासारखी तक्रार करतच नाहीत, म्हणून हे उत्तर.

"गोल बॅटरी टायमर चालवते." ती बॅटरी म्हणजे सीआर २०३२, ३ व्होल्टची. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती संपली तरी बहुतेक मशीन सुरू होतं. फक्त तारीख मागे जाते आणि त्यामुळे ब्राउझर साइटच्या प्रमाणपत्राबद्दल कुरकुर करतो. कितीतरी नव्या लॅपटॉपमध्ये ही बॅटरी नसतेच, ते काम मुख्य बॅटरीवर भागतं.

"वॉरंटी कधी संपते हे मशीनला कळतं." वॉरंटीची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर सीरियल नंबरसमोर असते. लॅपटॉप चार महिने गोदामात पडून राहिला, तर बिल दाखवून ती तारीख दुरुस्त करून घेता येते आणि त्यासाठी मशीन उघडावं लागत नाही. ऑफिसं त्याच मॉडेलला जादा पैसे भरून ३ वर्षांची वॉरंटी घेतात, युरोपीय संघात तर विक्रेत्यावर कायद्यानेच किमान २ वर्षांची जबाबदारी आहे. बोर्ड सगळीकडे तोच.

"मग बरोबर तेराव्या महिन्यातच कसा बिघडतो?" दहाव्या महिन्यात बिघडलेला फुकट दुरुस्त होऊन येतो आणि त्याची आठवण राहत नाही. तिसाव्या महिन्यात गेला तर माणूस म्हणतो, चला, वापरला. मेसेज होतो तो तेराव्या महिन्याचाच.

बॅटरीचं मात्र सरळ गणित आहे. साध्या लॅपटॉपची लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० चार्ज-चक्रांत मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. रोज एक चक्र धरलं तर दहा महिन्यांत ३०० झाली. कंपनीला हे पक्कं माहीत असतं, म्हणून लॅपटॉपला ३ वर्षांची वॉरंटी घेतली तरी बॅटरीला बहुधा एकच वर्ष मिळतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport टाइप केलं की एक रिपोर्ट फाइल तयार होते, ती उघडली की मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. हे अकराव्या महिन्यात बघा, तेराव्यात नको. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे: चार्जिंग त्याच क्षणी थांबवा आणि ती दाबू किंवा टोचू नका.

दुसरं कारण उष्णता. गादीवर किंवा मांडीवरच्या पांघरुणावर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पंख्यात वर्षभरात धुळीचा आणि कापसाचा नमद्यासारखा थर बसतो, तोही पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांच्या मधोमध, म्हणजे बाहेरून ब्लोअर मारला तरी तो निघत नाही. मागचं झाकण काढा, सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पंखा उघडून तो थर चिमट्याने उचला, पंख्याचं पातं बोटाने धरून मगच हवा मारा. हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने सैल करा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी नवी लावा. शेजारच्या मेमरीवरचे रबरी पॅड फाटू देऊ नका. त्यांची जाडी चुकली तर हीटसिंक प्रोसेसरवर नीट बसतच नाही.

"कंपन्या पकडल्या गेल्या आहेत." हा मुद्दा सर्वात वजनदार आहे, आणि तो अर्धा खरा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने जाहीर केलं की त्यांच्या काही एसएसडी (माहिती साठवणाऱ्या ड्राइव्ह) ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, कायमच्या बंद पडतील. ऐकायला हुबेहूब टायमर! पण ३२,७६८ हा २ चा १५वा घात आहे. सोळा बिटांच्या मोजणीत ऋण-धन चिन्ह धरलं तर ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, लिहिताना केलेली ही चूक होती, त्या ड्राइव्ह सर्व्हरच्या होत्या, आणि दुरुस्त फर्मवेअर कंपनीनेच दिलं.

लॅपटॉपचं खरं मोठं प्रकरण २००८चं. एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिप मोठ्या प्रमाणावर बंद पडू लागल्या. चिप आणि तिचा तळ यांच्यामधल्या सोल्डरच्या बारीक गाठी प्रत्येक वेळी तापताना-निवताना ताणल्या जात, आणि त्यांना आधार देणारं भरण तापल्यावर मऊ पडे. काही शे वेळा चालू-बंद झाल्यावर गाठ तडकायची. कंपनीने त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले, डेल आणि एचपीने वॉरंटी वाढवली, ॲपलने ही चिप असलेल्या मॅकबुक प्रोची मोफत दुरुस्ती खरेदीपासून ४ वर्षांपर्यंत नेली. जाणूनबुजून केलेल्या कामाचा असा खर्च कुणी ओढवून घेत नाही. ॲपलने जुन्या आयफोनचा वेग कमी केला तेव्हा मात्र लपवाछपवी झाली होती, आणि त्याबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. कारण हेच की ग्राहकांना सांगितलं नव्हतं.

कंपन्यांना धारेवर धरायचंच असेल तर बिजागरीवर धरा. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीची पोलादी पट्टी स्क्रूने ज्यात आवळतात ते पितळी नट प्लास्टिकच्या खुंटीत नुसते दाबून बसवलेले असतात. बिजागरी कडक, खुंटी नाजूक. झाकण दर वेळी उघडताना नट वर खेचला जातो. वर्ष-सव्वा वर्षात खुंटी तडकते, आणि सर्व्हिस सेंटर त्याला 'फिजिकल डॅमेज' म्हणून मोकळं होतं. इथे टायमर नाही, पण काही रुपये वाचवण्याचा निर्णय आहे, आणि तो निर्णय घेणाऱ्याला हे होणार ते माहीत असतं. झाकण कोपऱ्याला धरून न उघडता मधोमध धरा. कोपऱ्यात फट दिसली किंवा उघडताना 'कट्' असा आवाज आला की वापर थांबवा आणि वॉरंटीत असतानाच फोटोसह ईमेल करा. फोनवरची तक्रार नंतर कुणी मान्य करत नाही. वॉरंटी संपलीच असेल तर नट इपॉक्सीने पुन्हा बसतो: जुना चुरा साफ करून, २४ तास न हलवता.

"मदरबोर्ड गेला म्हणजे गेला." आधी चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. रॅम काढून परत बसवा. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा, त्यावर चित्र आलं तर दोष स्क्रीनच्या बाजूचा आहे. अंधारात स्क्रीनवर टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर फक्त बॅकलाइट गेला आहे. चार्जर लावताच त्याचा दिवा विझत असेल तर बोर्डवर शॉर्ट असण्याची शक्यता मोठी, आणि तो बहुतेकदा तिळाहून लहान सिरॅमिक कपॅसिटरमुळे असतो. अशा वेळी चार्जरकडून येणारी १९ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यात मल्टिमीटर एका ओमच्या आत रोध दाखवतो. मग बेंच सप्लायवरून (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या वीजपुरवठ्यावरून) १ व्होल्ट, करंटला मर्यादा घालून, त्या लाइनवर सोडतात आणि बोर्डवर अल्कोहोल पसरतात. सगळा बोर्ड ओला चकाकत असतो आणि एका जागचा ओलावा डोळ्यांदेखत उडून जातो. तोच कपॅसिटर. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, अशा ठिकाणी चिप लेव्हल काम (बोर्ड न बदलता त्यावरचा एकेक भाग बदलण्याचं काम) करणारे हेच करतात. प्रोसेसरजवळचा मॉस्फेट (त्याला जाणारी वीज चालू-बंद करणारा स्विच) शॉर्ट होऊन १९ व्होल्ट थेट प्रोसेसरवर गेले असतील, तर मात्र तो बोर्ड खरंच गेला.

"वॉरंटी संपली की हक्क संपला." ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली 'दोषा'ची व्याख्या वॉरंटीच्या मुदतीला बांधलेली नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. दोष मुळातलाच होता हे मात्र दाखवावं लागतं. म्हणून दुरुस्तीवाल्याकडून जॉबशीटवर नुसतं 'मदरबोर्ड डेड' लिहून घेऊ नका. कोणता भाग, बोर्डवर कुठे, मीटरवर काय आलं आणि पाणी शिरल्याची खूण दिसली नाही, हे सही-शिक्क्यासह लिहून घ्या, आणि काढलेला भाग पाकिटात घालून जपून ठेवा.