अरल वाफ होऊन उडाला नाही, त्याच्या नद्या वळवल्या

अरल समुद्राची दोन उपग्रहचित्रं पुन्हा फिरताहेत. एकात निळंशार पाणी, दुसऱ्यात पांढुरकी माती. खाली मजकूर: "तापमानवाढीने अख्खा समुद्र वाफ होऊन उडाला. पूर्वीही तो असाच आटला होता. आज तिथे थेंब नाही. निसर्गापुढे माणूस हतबल." चित्रं खरी आहेत. मजकूर मात्र दिशाभूल करणारा आहे, आणि त्यात ज्यांनी हे केलं ते सहीसलामत सुटतात, म्हणून हे लिहितोय.

समुद्र हे नुसतं नाव. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या सीमेवरचं ते सरोवर आहे. १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, जगात चौथं.

"वाफ होऊन उडाला." अहो, वाफ तर दरवर्षीच होत होती! ज्या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही, तिथलं पाणी उन्हानेच जातं. अरलचा दरसाल साधारण मीटरभर थर उडायचा आणि पाऊस त्याच्या पासंगालाही पुरत नसे. तूट भरून काढायच्या त्या दोन नद्या: पामीरकडून येणारी अमू दर्या आणि तिआन शानमधून येणारी सीर दर्या. दोघी मिळून वर्षाला सुमारे ५६ घन किलोमीटर पाणी आणत. आपल्या हिशेबात जवळपास २,००० टीएमसी, म्हणजे काठोकाठ भरलेली १९ कोयना धरणं. ही जमा तुटली आणि खर्च चालूच राहिला.

जमा तुटली ती कापसापायी. तिकडेही त्याला 'पांढरं सोनं'च म्हणतात. सोव्हिएत काळात वाळवंट ओलिताखाली आणायचं ठरलं आणि १९५४ मध्ये काराकुम कालव्याचं काम सुरू झालं. १,३०० किलोमीटरहून लांब असलेल्या या कालव्याला अस्तरीकरण नव्हतं, त्यामुळे अमू दर्याचं कितीतरी पाणी शेतात पोचण्याआधीच वाळूत मुरलं. ऐंशीच्या दशकात काही वर्षी नद्यांचं पाणी अरलपर्यंत जवळजवळ पोचलंच नाही. १९८७ पर्यंत सरोवराचे दोन तुकडे झाले होते. हिमनद्या आक्रसताहेत, उन्हाळे तापताहेत, हे मला मान्य आहे. पण तोवर मुख्य घाव बसून गेला होता.

उझबेकिस्तानातल्या मोयनाक बंदराचं काय झालं ते पाहा. पाणी मागे हटत गेलं तसे त्याच्यामागे चर खोदले, ते अपुरे पडले. मासे डबाबंद करणारा कारखाना बंद पडू नये म्हणून बाल्टिक आणि पॅसिफिकचे गोठवलेले मासे रेल्वेने तिकडे आणले जात. गावाबाहेर वाळूत आजही गंजलेली जहाजं उभी आहेत.

"पूर्वीही आटला होता." हे अर्धं खरं. कोरड्या पडलेल्या तळावर केर्देरी इथे चौदाव्या शतकातल्या कबरवास्तूचे अवशेष सापडले, म्हणजे तेव्हा तिथे जमीन होती. पण त्या काळी अमू दर्या पश्चिमेला सरिकामिशच्या खोलगट भागाकडे वळली होती, आणि त्याआधी १२२१ मध्ये मंगोलांनी अमू दर्याकाठचं उरगंच शहर उद्ध्वस्त करताना बंधारे फोडले होते. तेव्हाही नदीच फिरली होती. हा दाखला मजकुराच्या बाजूने नाही, उलट आहे.

"थेंब नाही." २०१४ मध्ये पूर्ण कोरडा पडला तो दक्षिण अरलचा पूर्व भाग. उत्तर अरल जिवंत आहे. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या कर्जातून २००५ मध्ये कोकअरल इथे सुमारे १३ किलोमीटरचा बांध पुरा केला आणि सीर दर्याचं पाणी उत्तरेत अडवलं. पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर चढली, खारटपणा उतरला. त्याआधी तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात मुख्यतः एकच मासा येई, खारं पाणी सोसावं म्हणून बाहेरून आणून सोडलेला चपटा कंबाला. आता गोड्या पाण्यातला सुदाक परत आलाय, बोटी पुन्हा निघतात. "माणूस हतबल" म्हणणाऱ्याने हा बांध तरी पाहायला हवा होता.

दक्षिणेला असा बांध नाही, तिथे अमू दर्याच हवी. आणि २०२२ पासून अफगाणिस्तानात तिच्यावर कोश तेपा हा २८५ किलोमीटरचा नवा कालवा खोदला जातोय. तोही वाळूतून, आणि तोही बहुतांश अस्तराशिवाय.