पन्नाशीच्या बायकाच का नाही घेतल्या?

ताई, पाळी गेल्यानंतर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीत या गोळ्या दिल्या सरासरी ६३ वर्षांच्या बायकांना, आणि निकालाने धास्तावल्या नुकती पाळी गेलेल्या. हा निष्काळजीपणा मी लेखात झाकला, असा तुमचा आरोप आहे. पाच वर्षं रात्री घामाने भिजून उठलात, डॉक्टरांनी गोळी द्यायला नकार दिला, राग येणारच. तरी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मला पटत नाही.

त्या चाचणीचा मुख्य प्रश्न घामाचा नव्हताच. वर्षानुवर्षं गोळी घेतली तर हृदयविकार टळतो का, हे बघायचं होतं. पन्नाशीच्या निरोगी बाईला हार्ट अटॅक क्वचितच येतो. फक्त त्याच वयाच्या बायका घेतल्या असत्या, तर फरक दिसायला कितीतरी जास्त जणी लागल्या असत्या किंवा कितीतरी जास्त वर्षं. शिवाय जिच्या अंगातून सारख्या वाफा येतात, तिला औषध नसलेली गोळी दिली की तिला ते लवकरच कळतं. मग ती चाचणीत का थांबेल?

खऱ्या गोळीचंही गुपित राहिलं नाही. गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायकांच्या गटात खरी गोळी घेणाऱ्या सुमारे ४० टक्के जणींची गोळी कोणती, हे तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे उघड करावं लागलं, मुख्यतः अंगावरून रक्त जात राहिल्यामुळे. ४२ टक्के जणींनी कधी ना कधी गोळी बंद केली. साडेआठ वर्षांची ही चाचणी, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसल्यामुळे, जुलै २००२ मध्ये सरासरी ५.२ वर्षांवर थांबवली. त्या धक्क्यात ब्रिटनची ‘विस्डम’ ही हार्मोनचीच चाचणीही त्याच वर्षी बंद पडली. तिला २२,३०० बायका दहा वर्षं हव्या होत्या. जेमतेम वर्षभराची माहिती हाती आली.

एका बाबतीत मात्र तुमचं पूर्ण बरोबर आहे. ‘स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला’ एवढंच मी लिहिलं होतं. वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० ऐवजी ३८, हे सांगायला हवं होतं. तो परिच्छेद आज दुरुस्त केला आहे.

आणि त्वचेवर चिकटवायच्या हार्मोनच्या पॅचबद्दल विचारलंत, तर त्या चाचणीत पॅच नव्हताच. गर्भाशय असलेल्या गटाला गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) ही एकच जोडी, एकाच मात्रेत दिली होती. ते आकडे पॅचला जसेच्या तसे लावता येत नाहीत.