बिअरने मुतखडा विरघळत नाही

उन्हाळा तापला की गोव्यातल्या मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो. रोज दोन बिअर प्या, सकाळी उपाशीपोटी पानफुटीची पाने चावा, दूध आणि टोमॅटो कायमचे बंद करा. कळ थांबली की खडा गेला, डॉक्टरकडे जायची गरज नाही. माणसे खरोखर असे वागतात आणि मूत्रपिंड गमावून बसतात, म्हणून यातले एकेक विधान तपासायला हवे.

बिअर इथे स्वस्त आणि वाड्यावाड्यावर मिळते, त्यामुळे हा सल्ला चटकन गळी उतरतो. बिअरने लघवी जास्त होते हे खरे; शरीरात पाणी राखणाऱ्या संप्रेरकाला मद्य दाबून टाकते. पण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते बिअरने विरघळत नाहीत. मूत्रवाहिनीत खडा अडकून वाट बंद झालेली असताना मागून आणखी लघवी लोटली, तर मूत्रपिंडावरचा ताण आणि कळ दोन्ही वाढतात. शिवाय बिअरमधल्या आणि तारल्यांतल्या प्युरिन या घटकामुळे युरिक अ‍ॅसिड वाढते. तारल्यांवर ताव मारून वर बिअर घेणाऱ्याला युरिक अ‍ॅसिडचाच खडा असेल, तर हे औषध म्हणजे उलटा उपद्रव.

काही मोठ्या पाहण्यांत बिअर पिणाऱ्यांना मुतखडे कमी झालेले दिसले, हा दाखला पुढे केला जातो. दिसले, हे नाकारायचे कारण नाही. मात्र त्या पाहण्या लोकांच्या सवयींच्या होत्या. अडकलेल्या खड्यावर बिअर देऊन तो पडतो का, हे त्यांत कुणी तपासले नव्हते. प्रतिबंधासाठी लागते ते पाणी, आणि तेही दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके. मे महिन्यात उन्हात गाडी चालवणाऱ्या मोटरसायकल पायलटचे (भाड्याने माणसे नेणाऱ्याचे) किंवा काजूच्या बागेत राबणाऱ्याचे बरेचसे पाणी घामातच जाते, त्याला तीन लिटर पिऊनही कमी पडेल. लघवीचा रंग बघा: फिकट हवी. गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे.

दूध बंद करण्याचा सल्ला मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो ऐकून चांगली काळजी घेणारी माणसेही फसतात. खड्यात कॅल्शियम आहे, म्हणून कॅल्शियम टाळा, असा साधा हिशेब. शरीर तसे चालत नाही. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच अन्नातल्या ऑक्झलेट या द्रव्याला धरून ठेवते आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम कमी केले की मोकळे ऑक्झलेट रक्तात शिरते आणि लघवीत उतरते. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांना पाच वर्षे दोन आहारांवर ठेवले होते; निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला; नेहमीइतके कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी ठेवलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना.

पावसाळ्यात रानातले तेरे, म्हणजे रानअळू, खाताना घसा खवखवतो, तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी. तांबडी भाजी आणि पालकातही ऑक्झलेट भरपूर. खडे होत असतील तर या भाज्या बेताने खा, उकळून पाणी टाकून द्या आणि त्याच जेवणात दही-ताक घ्या. कॅल्शियमच्या गोळ्यांचे गणित वेगळे, त्या डॉक्टरांना विचारूनच. खरा हात आखडायचा तो मिठावर: सुके बांगडे, खारवलेल्या कैऱ्या, लोणची. मीठ वाढले की लघवीतले कॅल्शियमही वाढते.

टोमॅटो बिचारा निर्दोष आहे. त्यात ऑक्झलेट पालकाच्या मानाने नगण्य असते आणि त्याच्या बियांचा खडा होत नाही.

पानफुटीने खडा विरघळतो, याला माणसांवरच्या अभ्यासांचा भक्कम आधार नाही. पाच मिलिमीटरहून लहान खडे बहुधा आपसूकच पडतात आणि श्रेय त्या आठवड्यात चावलेल्या पानाला मिळते. लिंबात मात्र तथ्य आहे. त्यातल्या सायट्रेटमुळे नवे खडे व्हायला अटकाव होतो. कॅल्शियमचा झालेला खडा त्यानेही विरघळत नाही. औषधाने विरघळतो तो युरिक अ‍ॅसिडचा, आणि म्हणूनच खडा कशाचा आहे हे कळायला हवे. लघवी चहाच्या गाळणीतून गाळा, पडलेला खडा डबीत ठेवा आणि तपासायला द्या.

आता सर्वांत घातक वाक्य: कळ थांबली की खडा गेला. खडा जागच्या जागी असूनही कळ थांबते. वाट बंद राहिली तर काही दिवसांत आतला दाब उतरतो, दुखणे विरते आणि मूत्रपिंड मात्र आतल्या आत खराब होत राहते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘हायड्रोनेफ्रोसिस’, म्हणजे मूत्रपिंडाला सूज, लिहिलेले असेल, तर दुखो वा न दुखो, खडा पडल्याची खात्री पुन्हा तपासणी करूनच करायची. दहा मिलिमीटरहून मोठा खडा आपोआप पडण्याची आशा फारच थोडी. तो दुर्बिणीने किंवा ध्वनिलहरींनी फोडता येतो, बहुतेकांना मोठी चिरफाड लागत नाही. आणि कळेसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच रात्री म्हापसा, मडगाव किंवा बांबोळी, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठा.