इंजिनाचे नावात दुरुस्ती होणेबाबत

आईच्या विणकामाच्या सुईला काळं ऑइल कसं लागलं याचा खुलासा घरात अजून झालेला नाही आणि आता होईल असं वाटतही नाही, म्हणून इथे करून टाकतो. आई इंटरनेट वापरत नाही. व्हॉट्सॲप वापरते, पण ते तिच्या मते इंटरनेट नाही.

तर माझ्याकडे २००१ ची होंडा सिटी आहे. व्हीटेक, म्हणजे त्यातल्या ताकदवान इंजिनाची. हे वेगळं लिहिलं कारण ही गाडी बाळगणारा कुणीही ते वेगळंच बोलतो, आधी "सिटी" म्हणतो, मग जरा थांबतो, समोरच्याकडे बघतो, आणि मग हळूच "व्हीटेक". नव्या पोरांना ती जुनी डबा गाडी दिसते, त्यांचा दोष नाही. पण २००० साली आपल्याकडे दीड लिटरमधून १०६ बीएचपी म्हणजे काय होतं हे ज्याला माहितीये तो सिग्नलला काच खाली करून विचारतोच, विकायची का. २००३ मध्ये पुढची सिटी आली ती ७७ बीएचपीची, मायलेज बरं म्हणून लोकांनी भराभर घेतली, आमच्यासारख्यांनी सुतक पाळलं.

माझी गाडी २०१६ ला री-पासिंग (रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण) झाली, २०२१ ला परत झाली, आणि मग गेल्या मे महिन्यात कसारा घाटात रेडिएटरचा होज फुटला. इथे शहाणा माणूस गाडी बाजूला घेतो. मी काटा लाल पट्टीत गेलेला दिसत असताना "वर पोचू, मग बघू" म्हणत दोन वळणं अजून रेटली. हेड वाकलं, गॅस्केट उडालं, ब्लॉकला तडा गेला. मेस्त्रीने सगळं उघडून बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, एका वळणाचे किती झाले ते सांगू का दोन्हीचे मिळून सांगू?"

नवं इंजिन मिळायचा प्रश्नच नाही. जुनंच शोधायचं, तेही हेच. एका मित्राने लगेच सल्ला दिला की टाक की मोठं, जपानी, टाइप आरचं, म्हणजे होंडाच्या सगळ्यात तेज गाड्यांचं. पण आरसीवर चासी नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगून टाकलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं काही गाडीत करायचं नाही. म्हणजे व्हीटेकच्या जागी व्हीटेकच. आता व्हीटेक म्हणून जे विकतात ते व्हीटेकच आहे हे ओळखायचं कसं, इथून माझ्या आयुष्यातले पुढचे दोन महिने गेले.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. ज्यांनी तो भाग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, एका दुकानात फक्त दरवाजे, एकात नुसते हेडलाइट, एकात आरसेच आरसे, आणि जाता जाता त्या सगळ्या आरशात आपलंच तोंड दिसतं, शंभर मूर्ख एकदम. सोबत मेस्त्री होता आणि अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील, त्यांना मी बोलावलं नव्हतं. अण्णा सातारा जिल्ह्यात तलाठी होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कागद दिसला की अजून चष्मा पुसतात. मी फोनवर "इंजिनाची ओळख पटवायचीये" असं काहीतरी बोललो ते त्यांनी ऐकलं आणि सकाळी बूट घालून दारात तयार.

पहिल्याच दुकानात टायरवर ठेवलेलं इंजिन, टॅपेट कव्हर, म्हणजे वरचं झाकण, लालभडक. "टाइप आर है साहब," तो म्हणाला. टाइप आरचं कव्हर लाल असतं हे खरं आहे, पण लाल स्प्रे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो हेही खरं आहे. वर पांढऱ्या अक्षरात व्हीटेक. मी नखाने जरा खरवडलं तर व्ही सुटून हातात आला. रेडियमवाल्याकडून कापून आणलेला. उरलेलं नुसतं टेक.

मेस्त्रीने कव्हरकडे बघितलंसुद्धा नाही. हेडच्या मागच्या अंगाला हात घातला, दोन सेकंद चाचपलं, हात बाहेर काढला. "सोलेनॉइड नाय. चला."

हे जरा सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही व्हीटेकची भानगड होंडाने पहिल्यांदा १९८९ मध्ये जपानमधल्या इंटेग्रात आणली, १.६ लिटरमधून १६० पीएस, लोक वेडे झाले. माझ्या गाडीत त्याचं साधं रूप आहे. इनटेकच्या बाजूला, म्हणजे हवा आत येते तिकडे, प्रत्येक सिलिंडरला तीन रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), दोन कडेचे आणि एक मधला. एरवी कडेचे दोघं आपापलं काम करतात आणि मधला नुसता हलत बसतो. आरपीएम चढले की सोलेनॉइड ऑइलची वाट मोकळी करतो, ऑइलच्या दाबाने आतली पिन सरकते, तिघं एकमेकांत जखडले जातात आणि मग तिघंही मधल्याच्या तालावर, कारण त्याचा कॅम, म्हणजे त्याला ढकलणारा उंचवटा, मोठा. घरात लग्न निघालं की सगळे जसे एकाच आत्याच्या हुकमावर पळायला लागतात, तसं. सोलेनॉइड नाही म्हणजे आत्याच नाही, मग वर काहीही लिहा.

दुसरं दुकान. इथे सोलेनॉइड होता, मी तर खूशच झालो. पण अण्णांनी नंबर मागितला. इंजिन नंबर ब्लॉकवर पुढच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथे एका सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. अण्णा गुडघ्यावर बसले (घरी देवापुढेही खुर्ची लागते), टॉर्च मारला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"ह्याचा मागचा मालिक कौन?"

"चाचा, इंजन का क्या मालिक? इंजन तो माल है."

"हां, लेकिन फेरफार तो होगा ना?"

फेरफारला, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीला, हिंदीत काय म्हणतात ते त्यांना येत नव्हतं आणि त्याला फेरफार म्हणजे वेगळंच काहीतरी वाटलं, तो एकदम चिडला, की हमारे यहाँ कोई फेरफार नहीं होता. पाच मिनिटं दोघं एकच शब्द घेऊन भांडत होते. अण्णांचं म्हणणं साधं होतं. जमीन कुणाची ते जमिनीकडे बघून कळत नाही, आधी कुणाच्या नावावर होती, तिथून इकडे कशी आली, मधली नोंद कुठाय, हे बघायचं. नंबर नुसता असून काय उपयोग, तो ज्या गाडीच्या आरसीवर आहे ती आरसी दाखव. शिवाय पट्टी आजूबाजूच्या ब्लॉकपेक्षा जास्तच चकचकीत होती, बाकी सगळीकडे वीस वर्षांची करडी कळा आणि तेवढाच दोन बोटांचा भाग चेहरा धुतल्यासारखा. मेस्त्री माझ्या कानात म्हणाला, ग्राइंडर फिरलाय.

गंमत म्हणजे हाच रस्ता कालिन्याला जातो आणि तिथे राज्याची फॉरेन्सिक लॅब आहे. घासून काढलेला नंबर तिथले लोक रसायन लावून परत वर आणू शकतात, कारण ठोकताना खालची धातूपण दबलेली असते, वरची घासली तरी खालची विसरत नाही. म्हणजे खोडणारे आणि वाचणारे एकाच रस्त्यावर, मध्ये फक्त ट्रॅफिक. पण लॅब काय आपल्यासारख्याला गाडी जुळवून द्यायला बसलेली नाही.

तरी माझा जीव त्या सोलेनॉइडमध्ये अडकलेला. म्हटलं नंबरचं बघू नंतर, आधी माल तर खरा आहे का बघू. मेस्त्री म्हणाला, वरचं दिसतं साहेब, खालचं मोजायला लागतं. कारण याच सिटीत १.३ चं पण इंजिन यायचं आणि दोन्हीचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, एकच, ७५ मिलिमीटर. फरक स्ट्रोकचा. १.३ चा पिस्टन ७६ मिलिमीटर वरखाली होतो, दीड लिटरचा ८४.५. म्हणजे सगळी इज्जत साडेआठ मिलिमीटरची. प्लगच्या भोकातून काडी घालायची, पिस्टन खाली असताना खूण, वर आल्यावर खूण, मधलं अंतर मोजायचं. काडी लांब हवी, सरळ हवी, आणि लोखंडी नको, पिस्टनला ओरखडा जातो.

पुढच्या फेरीला मी आईची प्लास्टिकची विणायची सुई, बायकोची नेलपॉलिश आणि मुलीच्या कंपासमधली पट्टी घेऊन गेलो. तिघींपैकी एकीलाही विचारलं नाही.

चारी प्लग काढले. मेस्त्री क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून बसला आणि इंचाइंचाने फिरवायला लागला, मी पहिल्या सिलिंडरमध्ये सुई धरून उभा, जोर लावायचा नाही, नुसती धरायची, अडकली असं वाटलं की ओरडायचं असं त्याने दहा वेळा बजावलेलं. आणि खरं सांगतो, ती सुई बोटांत हळूहळू वर यायला लागते ना तेव्हा अंगावर काटा येतो. आत अंधारात काहीतरी जिवंत आहे आणि ते तुम्हाला वर ढकलतंय. मग एका ठिकाणी थांबते, क्षणभर तिथेच, आणि परत बुडायला लागते. अण्णांनी नेलपॉलिशने खुणा केल्या, मोरपंखी रंगाच्या. दुकानातली पोरं चहा घेऊन बघायला जमली. पट्टी लावली.

सात पॉइंट सात सेंटिमीटर.

परत केलं. परत तेच. म्हणजे वर व्हीटेकचं हेड आणि खाली १.३ चा ब्लॉक, कुणीतरी कधीतरी जोड लावलेला. दुकानदाराचाही चेहरा पडला, त्यालाही बहुतेक माहीत नसावं, पण धंदा तो धंदा, तो म्हणाला, "चाचा, आपने तिरछा नापा."

हे खरं होतं, प्लगचं भोकच तिरकं असतं. मी गप्प झालो. अण्णा झाले नाहीत. आयुष्यभर मोजणीवाल्यांच्या मागे शिवारातून फिरलेला माणूस तो. म्हणाले, "बाबा, साखळी तिरकी पडली तर जमीन वाढती. कमी झालेली मी कधी बघितली नाही."

मेस्त्रीने त्याचं भाषांतर केलं नाही, पण दुकानदाराला कळलं. त्याने पोराला आमच्यासाठी पण चहा सांगितला.

तिसरं इंजिन भिवंडीजवळ एका गॅरेजच्या मागे मिळालं, गाडीसकट. मागून ट्रकने ठोकलेली सिटी, डिकी पार मागच्या सीटवर, पुढचं सगळं शाबूत. मालक वयस्कर गृहस्थ, कागदांची पिशवी घेऊन आले. प्लास्टिकची, आत सगळं क्रमाने, पहिल्या पावतीपासून. अण्णा त्यांच्याशी दहा मिनिटं बोलले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, माणूस चांगला आहे, पीयूसीपण फाइल केलीये.

इथे मेस्त्रीने कव्हरच उघडलं. ऑइलचा तपकिरी थर सगळीकडे, मधाच्या बरणीच्या तळासारखा, आणि त्यात तीन-तीनच्या जोड्या, मधला जरा आखडून बसल्यासारखा. मेस्त्रीने मधल्याला अंगठ्याने दाबलं, तो एकटाच हलला, कडेचे दोघं ढिम्म. "अस्सल," तो म्हणाला. सुई परत घातली, साडेआठ सेंटिमीटरच्या किंचित वर. चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं. गाडी चोरीची नाही हे पोलिसांकडून बघून घेतलं. राहिला नंबर.

त्यासाठी आरटीओत करतात तेच केलं, नंबरवर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची, ठसा उठतो. अण्णांनी ठसा आरसीशेजारी ठेवला आणि एकेक अक्षर बोटाने जुळवत गेले. मधेच बोट थांबलं. ठशात बी. आरसीवर आठ.

कुणीतरी कधीतरी टाइप करताना बीचा आठ केला होता आणि गेली वीसेक वर्षं हे इंजिन आठ म्हणूनच जगत होतं. मेस्त्री म्हणाला एवढं काय, चालतं. मी पण म्हटलं चालतं. अण्णांनी आमच्याकडे असं बघितलं की आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या सज्जातली गायरान जमीन विकायला काढलीये. पण खरं तर त्यांची पंचाईत झाली होती. जन्मभर धातूपेक्षा, मातीपेक्षा कागद खरा मानला, आणि इथे कागद खोटा आणि लोखंड (ॲल्युमिनियम, मेस्त्रीने दुरुस्ती केली) खरं.

रात्री जेवण झाल्यावर ते टेबलावर बसले, फुलस्केप घेतला, डावीकडे समास सोडला आणि मालकाच्या वतीने अर्ज लिहिला. माझ्याकडे फोटो आहे. "विषय : इंजिनाचे नावात दुरुस्ती होणेबाबत." खाली, "सदर इंजिन हे मूळचे बी असून लेखनप्रमादाने आठ अशी नोंद झालेली आहे, सबब सदर इंजिनावर अन्याय होत आहे." मी म्हटलं अण्णा, अन्याय जरा जास्त होतंय. ते म्हणाले, अन्याय लिहिल्याशिवाय कोणी फाइल उघडत नाही.

फाइल उघडली. तपासणीच्या दिवशी साहेबांनी स्वतः वाकून ठसा घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "बीच आहे." अण्णांनी लगेच विचारलं, मग नोंद कधी होईल, आणि नोंदीचा उतारा मिळेल का. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, तलाठी होते. "हां हां," साहेब म्हणाले, आणि खुर्ची मागवली.

मग परवानगी, मग बसवाबसवी, आणि गाडी परत उभी राहिली. परवा अण्णांना घेऊन कसाऱ्याला गेलो, मुद्दाम. टेम्परेचरचा काटा मधोमध. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दाबली, आरपीएमचा काटा वर गेला, आवाज नेहमीसारखा, नेहमीसारखा, आणि मग तो बदलतो ना, एकदम जाड होतो, गाडी मागून कुणी हात लावल्यासारखी उचलते. अण्णांनी वरची दांडी पकडली.

"तिघं एकत्र आले वाटतं," ते म्हणाले.

विणायची सुई मी रॉकेलने पुसून परत लोकरीच्या पिशवीत ठेवली होती. पुरती निघाली नसणार, कारण आईने अण्णांसाठी क्रीम कलरचा स्वेटर घेतलाय विणायला, आणि त्याच्या पाठीवर एक करडी रेघ येतेय. आई म्हणते लोकरच खराब निघाली, आता त्या दुकानात परत पाऊल टाकायचं नाही. अण्णा म्हणाले, नको टाकूस.